वत्सल आणि भयानक : फ्रांजूच्या एका चित्रपटाचा रसविचार

चित्रपटाच्या अभ्यासासाठी मराठीत ‘रसास्वाद’ हा शब्द आता रूढ झाला आहे. पुण्यात प्रभात कंपनीच्या जागेत १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि चित्रपट कसा पाहावा याचे जे अभ्यासवर्ग पुढे तेथे भरू लागले त्यांच्यामुळे हा शब्द ठिकठिकाणच्या चित्रपट-मंडळांपर्यंत पोहोचला. तथापि तो वापरताना त्यातील ‘रस’ या पदाची आठवण फारच थोड्यांना असते. छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी यांविषयी चार शब्द बोलले की रसास्वाद झाला, अशी समजूत दिसते. उलट, ज्या वर्गांतून भरत आणि आनंदवर्धन नेमाने शिकविले जातात तेथे चित्रपटाचे नाव काढणे काहीसे अप्रशस्त मानले जाते. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी पदव्युत्तर वर्गाला भयानक रस समजावून देताना विद्यार्थ्याने प्रत्यक्ष अनुभवलेला दृष्टांत द्यावयाचा तर तो बहुधा चित्रपटातलाच असणार, हे उघड आहे. आणि तरीही उदाहरण म्हणून पुढे येते ते शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील धावणारे हरिणच.

हे हरिण मम्मटाने भयानकाच्या उदाहरणासाठी निवडले, आणि त्या निवडीत त्याचे मर्मज्ञत्व दिसते. मान वळवून पाठीमागे पाहणाऱ्या त्या हरिणाचा पाठलाग कोणी राक्षस करीत नाही. ज्याच्यावर पुढे शकुंतलेचे मन जडणार आहे तो राजा दुष्यंतच करीत आहे. म्हणजे एकाच्या भयाचे आलंबन असलेली व्यक्ती दुसऱ्याच्या प्रेमाचे आलंबन असू शकते, ही गोष्ट आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. परंतु हरिणाचे भय आणि शकुंतलेची प्रीती या दोन वेगळ्या जीवांच्या ठिकाणी आहेत. त्या दोन्ही एकाच जीवाच्या ठिकाणी येतील तर काय होईल, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. तो उपस्थित करणारी एक कलाकृती म्हणून झॉर्ज फ्रांजू या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘लेझ्यू साँ व्हिझाज’, म्हणजे ‘चेहऱ्याविना डोळे’, या १९६० सालच्या चित्रपटाकडे पाहता येते.

फ्रांजू (१९१२–१९८७) हा काही भयपटांचा व्यवसाय करणारा दिग्दर्शक नव्हे. आंरी लांग्लवा याच्याबरोबर १९३६ साली पॅरिसचे ‘सिनेमातेक’ हे चित्रपटसंग्रहालय उभारणाऱ्यांपैकी तो एक; दिग्दर्शक म्हणून त्याचे नाव झाले ते अनुबोधपटांमुळे. पॅरिसच्या कत्तलखान्यांवर त्याने १९४९ साली केलेला ‘जनावरांचे रक्त’ हा लघुपट ज्याने पाहिला असेल त्याला त्यातील पांढऱ्या घोड्याचा मृत्यू विसरता येणे कठीण. तेथे खाटिक क्रूर नाहीत. ते आपल्या कामात निष्णात आहेत, काम करता करता एखादा गाणेही म्हणतो, आणि उष्ण रक्ताची वाफ हिवाळ्याच्या हवेत शांतपणे वर चढत असते. नित्यकर्माच्या पोटात वसणाऱ्या बीभत्साकडे डोळे न मिटता पाहण्याची ही जी दृष्टी, तीच पुढे या कथापटात उतरली आहे.

कथा झाँ रदों याच्या कादंबरीवरून घेतलेली असून पटकथेत ब्वालो आणि नार्सजाक या जोडीचा मोठा वाटा आहे. क्लूझोचा ‘ले दियाबोलिक’ (१९५५) आणि हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) हे दोन्ही चित्रपट याच जोडीच्या कादंबऱ्यांवरून निघाले होते. जेनेसिए हा नामांकित शल्यवैद्य. त्याच्याच बेदरकार मोटार हाकण्याने अपघात होऊन त्याची मुलगी क्रिस्तियान हिचा चेहरा नष्ट झालेला आहे. शाबूत राहिले आहेत ते केवळ डोळे. पित्याने तिला मृत म्हणून जाहीर केले आहे, आणि शहराबाहेरच्या आपल्या बंगल्यात तो तरुण मुलींना फसवून आणवून त्यांच्या चेहऱ्याची त्वचा काढून मुलीला लावण्याचे प्रयोग करीत आहे. त्याची साहाय्यक लुईज या मुलींना हेरून आणते. तिचा स्वतःचा चेहरा याच वैद्याने पूर्वी पूर्ववत केलेला असल्यामुळे ती त्याची ऋणाईत आहे. तिच्या गळ्याभोवती सदैव असणारी मोत्यांची पट्टी ही त्या ऋणाची खूण होय, कारण तिच्याखाली शस्त्रक्रियेचा व्रण झाकलेला आहे.

हा वृत्तांत इतका सांगितला की कोणीही म्हणेल, हा तर वेड्या शास्त्रज्ञाचा ठरीव साचा. निर्मात्याने आपल्याला तीन अटी घातल्या होत्या असे फ्रांजू सांगत असे : फ्रेंच परीक्षकांसाठी रक्त नको, इंग्रजांसाठी जनावरांचा छळ नको, आणि जर्मनांसाठी वेडा शास्त्रज्ञ नको. कथेत तर या तिन्ही गोष्टी आहेत. त्या ठेवूनही दिग्दर्शकाने अटींचा आशय एका अर्थी पाळला, असे म्हणावे लागेल. कारण जेनेसिए वेडा नाही. आपल्या रुग्णालयात एका लहान मुलाला तपासताना तो पुरेसा मृदू असतो, मुलाच्या आईला धीर देतो. पिएर ब्रासर या नटाने त्याचे जड शरीर, थकलेली चाल आणि आतून खचलेला चेहरा असा काही उभा केला आहे की प्रेक्षकाला त्याचा राग येण्याऐवजी प्रथम त्याची कीव येते. मुलीवर त्याचे प्रेम खरे आहे. या चित्रपटातील भयाचे सारे बळ या एका गोष्टीत आहे.

विश्वनाथाने साहित्यदर्पणात वत्सल हा स्वतंत्र रस मानला. त्याचा स्थायिभाव वात्सल्य आणि आलंबन अपत्य. ही व्याख्या जेनेसिएला तंतोतंत लागू पडते. दुसरीकडे, एदना ही स्वित्झर्लंडहून शिकावयास आलेली मुलगी त्याच्या शस्त्रक्रियेच्या मेजावर पडते तेव्हा तोच भयाचे आलंबन होतो. परस्परविरोधी रस एकत्र कसे आणावे, याची चर्चा आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या तिसऱ्या उद्योतात केली आहे. विरोध टाळण्याचा त्याने सांगितलेला एक उपाय असा की, त्यांचे आश्रय भिन्न करावे. वीर नायकाच्या ठिकाणी ठेवावा आणि भय प्रतिनायकाच्या ठिकाणी. या कसोटीवर चित्रपटाचा पूर्वार्ध निर्दोष उतरतो. वात्सल्याचा आश्रय पिता, भयाचा आश्रय परकी मुलगी. प्रेक्षक या दोहोंमध्ये विभागला जातो, इतकेच. परंतु फ्रांजूचे खरे धाडस याच्या पुढे आहे. क्रिस्तियान ही वात्सल्याचे आलंबन आहे, आणि हळूहळू तीच भयाचा आश्रयही होते. आपल्यासाठी काय चालले आहे हे तिला ठाऊक आहे. ज्या हाताने तिला कुरवाळावे त्याच हातांत शस्त्र आहे. ते तिच्यावर उगारलेले नसून तिच्यासाठी उगारलेले आहे, आणि म्हणूनच त्यापासून पळून जाण्याला वाट नाही. आनंदवर्धनाने जे वेगळे ठेवावयास सांगितले ते येथे एका जीवात कोंडले गेले आहे. तरीही रसभंग होत नाही. उलट, भय अधिक गडद होते. नियम खोटा ठरतो असे याचे तात्पर्य नव्हे. विरोधाची जाणीव हीच जेथे कलाकृतीचा विषय असते, तेथे तो टाळण्याचा उपाय लागू करण्याचे कारण उरत नाही, एवढेच दिसते.

भरताने भयानकाचे जे विभाव दिले आहेत त्यांत विकृत ध्वनी, अरण्य, ओसाड घर यांबरोबरच गुरूचा आणि राजाचा अपराध हेही एक कारण नोंदलेले आहे. टीकाकार त्याचा अर्थ ‘गुरुजनांप्रती घडलेला अपराध’ असा लावतात आणि तोच योग्य आहे. शिष्याकडून आगळीक झाली की त्याला भय वाटणारच. पण या चित्रपटाच्या संदर्भात ते पद उलट दिशेनेही वाचता येईल असे वाटून जाते : गुरुजनांनीच केलेला अपराध. त्या अपराधातून उपजणारे भय निराळ्या जातीचे असते, कारण दाद मागावी असे वरचे स्थानच तेथे शिल्लक राहात नाही.

शस्त्रक्रियेच्या प्रसंगाची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही मोठ्या आहेत. एडिंबरा येथील महोत्सवात तो पाहताना काही प्रेक्षक मूर्च्छित पडल्याचे सांगितले जाते. अमेरिकेत हा चित्रपट १९६२ साली इंग्रजी संवाद चढवून, काटछाट करून आणि भडक नाव देऊन दाखविण्यात आला, तोही एका सवंग चित्रपटाच्या जोडीने. प्रसंग पाहू लागले असता त्यात भडकपणा औषधालाही सापडत नाही. संगीत नाही, किंकाळी नाही. वैद्य पेन्सिलीने चेहऱ्याभोवती रेष काढतो, त्या रेषेवरून शस्त्र फिरवितो, रक्ताचे थेंब उमटतात, चिमटे लागतात, आणि अखेर त्वचा अलग होऊन वर उचलली जाते. लुईज त्याच्या कपाळावरचा घाम टिपते. कोणत्याही रुग्णालयात चालावी तशी ही कृती चालते. भरताने बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती सांगितली आहे. हे सूत्र पाठ करणे सोपे, पण त्याचा प्रत्यय देणारे याहून उचित स्थळ दाखविणे अवघड आहे. जुगुप्सा येथे रक्ताने सुरू होते आणि ती ओसरण्याच्या सुमारास भय सुरू होते, कारण प्रेक्षकाच्या ध्यानात येते की हा मनुष्य घाईत नाही.

पेन्सिलीची ती रेष महाराष्ट्रातील वाचकाला एका निराळ्याच गोष्टीची आठवण करून देईल. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह छापून आले, आणि त्यावरूनच कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली तसे नाक घडविण्याचा यशस्वी प्रयोग केला. त्या वर्णनात मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या आकाराचा करून कपाळावर ठेवतात, त्याच्या कडेने रेष काढतात आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवितात. अर्वाचीन युरोपच्या ज्या विद्येत जेनेसिए पारंगत आहे तिच्या वंशवृक्षाचे एक मूळ असे पुण्याच्या मातीत आहे. भेद मात्र मूलगामी आहे. पुण्याच्या कारागिराने रेष काढली ती रुग्णाच्याच कपाळावर. जेनेसिए ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काढतो. परक्या शरीराची त्वचा शरीर नाकारते, हे मेडावरने १९४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखविले होते, आणि हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी, १९६० साली, त्याला या क्षेत्रातील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा क्रिस्तियानच्या नव्या चेहऱ्याचे कुजणे ही भयकथेची सोय नसून त्या काळचे शास्त्रही तेच सांगत होते. फ्रान्समध्येच अमियाँ येथे २००५ साली चेहऱ्याचे पहिले अंशतः प्रत्यारोपण झाले. ते मृत दात्याच्या देहातून आणि कुटुंबीयांच्या संमतीने. चित्रपटातील पातक शस्त्रक्रियेत नव्हते, हे त्यामुळे अधिक स्पष्ट होते.

चेहरा कुजत जातो हे दाखविण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. क्रिस्तियान मुखवट्याशिवाय जेवणाच्या मेजाशी बसलेली दिसते, सुंदर दिसते, आणि पिता तिच्याकडे पाहता पाहता किंचित थबकतो. त्यानंतर केवळ स्थिर छायाचित्रांची मालिका, आणि तिजवर दिवसांचा हिशेब देणारा वैद्याचा सपाट आवाज. पित्याचे दुःख नोंदवहीच्या भाषेत बोलते. याहून अधिक काही दाखविले असते तर करुण उथळ झाला असता.

मुखवट्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. एदित स्कोब या अभिनेत्रीला चित्रपटाचा बहुतेक काळ त्या गुळगुळीत, निर्भाव आवरणाआड राहून काम करावे लागले. नाट्यशास्त्राने मुखजाभिनयाला केवढे महत्त्व दिले आहे हे आठवले म्हणजे ही अट किती कठोर आहे ते कळते. सारा अभिनय दृष्टीवर, मानेच्या कलावर आणि घरातून वावरण्याच्या त्या तरंगत्या गतीवर आला. मुखवट्याखालचे जे खरे रूप ते प्रेक्षकाला एकदाच दिसते, तेही भुलीतून जागी होणाऱ्या एदनाच्या अर्धवट उघडलेल्या डोळ्यांतून, अस्पष्ट. फ्रांजूने ते न दाखविण्याचे औचित्य राखले, आणि त्यामुळे क्रिस्तियान भयाचे आलंबन होण्यापासून वाचली. जिचे रूप विकृत ती भीतिदायक आणि ज्याचा चेहरा भारदस्त तो विश्वासार्ह, हा लोकप्रिय भयपटांचा संकेत येथे पूर्णपणे उलटलेला आहे. ऑयगेन श्युफ्तानच्या छायाचित्रणातील करडा, धुरकट प्रकाश आणि मोरिस झारचे जत्रेतल्या पाळण्याची आठवण करून देणारे संगीत यांचाही या परिणामात वाटा आहे. लुईज सावज शोधत फिरते तेव्हा तीच खेळकर चाल वाजत राहते, हे त्या संगीतातील क्रौर्य होय.

अखेरीस क्रिस्तियान मेजावर बांधलेल्या मुलीला सोडविते, लुईजच्या गळ्यात, नेमक्या त्या मोत्यांच्या जागी, शस्त्र खुपसते, पित्याने प्रयोगासाठी कोंडलेली कुत्री मोकळी करते. ती कुत्री त्याच्यावर तुटून पडतात. त्याचाच चेहरा फाटतो. मग पिंजऱ्यातील कबुतरे सोडून, त्यांपैकी एक हातावर घेऊन ती रात्रीच्या झाडीत निघून जाते. भरताने भयानकाचा वर्ण काळा आणि करुणाचा वर्ण कपोताचा म्हणून सांगितला आहे. फ्रांजूला याची वार्ताही नसणार, तेव्हा या योगायोगावर सिद्धान्त उभारणे हास्यास्पद ठरेल. पण काळ्या झाडीतून चालणारी ती पाखरांनी वेढलेली आकृती पाहताना संस्कृतज्ञ प्रेक्षकाला तो वर्ण आठवला तर त्याला दोष देता येणार नाही. भय हा स्त्रियांच्या आणि हीन प्रकृतीच्या ठिकाणी असणारा भाव, असेही भरताचे एक म्हणणे आहे. या चित्रपटात भिणाऱ्या साऱ्या स्त्रियाच आहेत, हे खरे. परंतु भयाचा शेवट करणारीही एक स्त्रीच आहे, आणि तिच्या प्रकृतीत हीन असे काही नाही.

चित्रपट निर्दोष नाही. पोलिसांचे उपकथानक शिथिल आहे. दुकानात चोरी करताना पकडलेल्या पोलेत या मुलीला आमिष म्हणून रुग्णालयात पाठविण्याची त्यांची युक्ती फारशी पटत नाही, आणि तिच्यामागे पाळत ठेवणारे अधिकारी ज्या सहजतेने संशय सोडून देतात ती लेखकांची सोय आहे. क्रिस्तियानचा वाग्दत्त वर झाक याची व्यक्तिरेखाही फिकी राहिली आहे. पूर्वार्धातील एक छोटा प्रसंग मात्र या सर्वांची भरपाई करतो. नदीत सापडलेले प्रेत ओळखण्यास जेनेसिएला बोलाविले जाते. ते त्याच्याच हातून मेलेल्या मुलीचे असते आणि तो ते आपल्या मुलीचे म्हणून सांगतो. बाहेर त्या मृत मुलीचा खरा पिता उभा असतो. तो आपली मुलगी अद्याप जिवंत असेल ही आशा घेऊन परत जातो. एका पित्याच्या वात्सल्याने दुसऱ्याचा शोकही हिरावून घेतला, आणि हे सारे दोन सभ्य गृहस्थांच्या संभाषणात घडते.

मराठीत या जातीचे लेखन नाही असे नव्हे. नारायण धारपांच्या कथा-कादंबऱ्या पिढ्यान्पिढ्या वाचल्या गेल्या, रत्नाकर मतकरींनी गूढकथेला साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली. चित्रपटात मात्र भयानक बहुधा हास्याचा हात धरूनच आला. या पार्श्वभूमीवर विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा २०१७ साली प्रदर्शित झालेला चित्रपट फ्रांजूच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगा आहे. शहरातली एक गर्भवती स्त्री संकटकाळी नवऱ्याबरोबर उसाच्या रानातील एका एकाकी घरी आश्रयाला येते. तेथे तिची देखभाल करणारी तुळसाबाई आहे, आणि लपाछपी खेळावयास बोलावणारी मुले आहेत. घराच्या पोटातील रहस्य मुलींना जन्मतःच नाहीसे करण्याचे आहे. पूजा सावंत यांनी गर्भवतीचे आणि उषा नाईक यांनी तुळसाबाईचे काम केले आहे. हाच चित्रपट दिग्दर्शकाने पुढे २०२१ साली हिंदीत ‘छोरी’ या नावाने केला.

मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला या चित्रपटातील ऊस परका आणि म्हणून भयावह वाटला असेल. अहमदपूर, चाकूर, लातूर या बाजूच्या प्रेक्षकाचे तसे नाही. त्याच्या लेखी ऊस हे हाती रोख पैसा देणारे पीक आहे, तोडणीच्या टोळ्यांचे पोट आहे, आणि पुरुषभर वाढलेल्या फडात हाक मारलेली ऐकू येत नाही हा त्याचा नित्याचा अनुभव आहे. भय येथे अपरिचिताचे नसून परिचिताचे आहे. विषयही परका नाही. महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेला आळा घालणारा कायदा देशात प्रथम, १९८८ साली केला. आणि २०११ च्या जनगणनेत अहमदपूरला लागूनच असलेल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. या आकड्यामागे जे घडले ते भुताखेतांनी केलेले नाही. घरातील वडीलधाऱ्यांनी, वंशाच्या काळजीने केलेले आहे.

याच ठिकाणी दोन्ही चित्रपटांचे नाते जुळते आणि याच ठिकाणी ते वेगळेही होतात. जेनेसिएचा बंगला उंच भिंतींच्या आत आहे. त्याचे पातक एकट्याचे, जगापासून लपविलेले. ‘लपाछपी’तील पातकाला भिंत नाही. ते रूढीत मुरलेले असल्यामुळे कोणापासून लपविण्याची निकडही नाही, आणि त्या अर्थी मराठी चित्रपटाचा विषय फ्रेंच चित्रपटाहून अधिक दारुण आहे. कलाकृती म्हणून मात्र तो तितका सलग उतरत नाही. उत्तरार्धात अन्याय काय झाला हे उच्चारून सांगण्याकडे त्याचा कल वाढतो, आणि जे व्यंजित व्हावयाचे ते वाच्य होते. भुतांची सावलीही गरजेपेक्षा अधिक वेळा दाखविलेली आहे. उषा नाईक यांची तुळसाबाई गर्भवतीजवळ नुसती बसते, तिची विचारपूस करते, मायेने तिच्या पोटाकडे पाहते, तेव्हा पडद्यावर भूत नसते, दचकविणारा ध्वनी नसतो. आणि चित्रपटातील सर्वांत खरे भय नेमके त्याच वेळी वाटते.